एकेचाळिसावी बोट

घिवली
ता. ९ सप्टेंबर १९७९

चि. वामन,

पोचल्याचं साधं कार्डसुद्धा टाकलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. मी थोरली, मला मानपान बघून भागत नाही. उत्तर पाठवायचं झालं तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, जोशीबाई मला आणून देतील. घरात तुझं नाव निघालं की तुझे दाजी भरल्या ताटावरून उठतात. शिजवलेलं अन्न टाकायला माझा हात धजत नाही, म्हणून मीही आता तुझं नाव काढत नाही.

नारळी पौर्णिमा झाली. बत्तीस बोटी गेल्या, नऊ राहिल्या. तू ठरवून गेलास तसंच. दाजींनी तरीही नारळ आणला. मी म्हटलं, बोट जायची नाही तर नारळ कशाला? तर म्हणाले, "समुद्राशी माजा भांडण नाय." सगळा पाडा वाजतगाजत खाली गेला आणि आमची जमनाकृपा वाळूत ओंडक्यांवर उभी होती. सासूबाईंच्या नावाची बोट. तिलाही हार घातला. नऊ बोटींना हार घातले होते, तेवढा मोठेपणा गावाने दाखवला.

देवळाच्या फरशीवर तू खडूने रेघ काढली होतीस ना, आधी चढणारी आणि मग उतरणारी, ती अजून तशीच आहे. झाडणारी बाई तेवढी जागा सोडून झाडते. तू समजावलंस की बत्तीस बोटी जेवढी मासळी आणतात तेवढीच एकेचाळीस आणतात, वरच्या नऊ बोटींचं डिझेल नुसतं जळतं, आणि पापलेटची नखाएवढी पिल्लं मरतात ती वेगळीच. ते सगळ्यांना पटलं. पण नऊ कोणत्या, असं विचारल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

नरहरीकाका म्हणत होते, देवीपुढे चिठ्ठ्या टाकू. दरवर्षी जाळी बांधायच्या समुद्रातल्या खुंटांच्या जागा वाटतो तशाच. तेच ऐकायला हवं होतंस. तू म्हणालास, देवीच्या डोक्यावर कशाला घालता, आपल्याकडे वर्षाचे आकडे आहेत. डिझेलच्या एका डब्यामागे ज्यांची मासळी सगळ्यांत कमी, त्या नऊ बोटी थांबू देत आणि बाकीच्यांनी त्यांना रोजचा वाटा द्यावा. मग यादी वाचलीस. सगळ्यांत शेवटी, एकेचाळिसावी, जमनाकृपा.

तेव्हा नरहरीकाका उठले. "सवताच्या भईनीची बोट काढतोय, मंजे पोरगा खरा हाय." त्या एका बोलण्यावर गाव तयार झालं, वामन. तुझ्या रेघेवर नाही.

मी खांबाला टेकून बसले होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मी खाली पाहिलं. तू त्याचा काय अर्थ घेतलास कोण जाणे. वर्षभर किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाखाली बसून कुठल्या बोटीच्या किती पाट्या वर आल्या ते मीच लिहून दिलं होतं, तेव्हा तुझ्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? तुझ्या सहा वह्या ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत.

पुष्पी चालायला लागली. दोन गेल्यावर ही एक राहिली. त्या वर्षाने आम्हाला एवढं दिलं, म्हणून मी त्या वर्षाला शिव्या देत नाही.

तुझी ताई,
हंसा


घिवली
ता. १५ फेब्रुवारी १९८१

चि. वामन,

आनंदाची बातमी देते, म्हणजे तुझ्या आनंदाची. तुझं खरं झालं. ताटलीएवढं पापलेट आलं यंदा. बोंबलाने वलांड्या वाकल्या, बांबू कमी पडले, लोकांनी घराच्या दोऱ्यांवर वाळत घातले. दोन हंगामांत हे झालं. ज्यांनी तुला येडा म्हटलं होतं ते आता तुझ्या नावाने चहा पाजतात. झिपरू तर देवळात म्हणाला, "वामनचा फोटो लावूया." मी म्हटलं, जित्या माणसाचा फोटो लावत नाहीत रे.

वाटा रोज येतो. बत्तीस बोटींचा मिळून एक ढीग करतात आणि त्याचे नऊ वाटे घालतात. लोक वाईट नाहीत. पण तू शिकायला गेलास लहानपणी, तुला कदाचित आठवत नसेल, वाटा आपल्याकडे कुणाला देतात ते. ज्यांचा घरधनी समुद्रात बुडून गेला, त्यांना. दाजींनी पहिल्याच दिवशी ती पाटी बघितली आणि म्हणाले, "हंसे, मी जिता हाय." त्या मासळीला त्यांनी आजवर बोट लावलेलं नाही. मी आणि पुष्पी खातो. ते भात आणि लोणचं खातात. मासे मारणाऱ्याच्या घरात रोज भात आणि लोणचं, हे मी कुणाला सांगत नाही.

तुमच्या खात्याचा अहवाल मच्छीमार सोसायटीत आला. छापील, निळ्या पुठ्ठ्याचा. सगळ्या बोटींची नावं एका पानावर, वरपासून खालपर्यंत. दाजी चौथी शिकलेले आहेत, वाचायला त्यांना कुणाची मदत लागत नाही. त्यांनी सेक्रेटरीकडून ते पान मागून घेतलं. दोन घड्या घालून खिशात ठेवतात. शर्ट धुवायला टाकला की आधी पान काढतात, मग शर्ट देतात.

गावाने त्यांना नाव ठेवलं आहे, एकेचाळीस. आधी चेष्टेत. "काय एकेचाळीस, बरां हाय का?" चेष्टा करणाऱ्यांच्या मनात काही नसतं हे मला माहीत आहे. आपल्या गावात कुणाला मूळ नावाने हाक मारतात? पण बाकीच्या आठ जणांना तेहेतीस, चौतीस असं कुणी म्हणत नाही. शेवटच्यालाच नंबर चिकटला.

एक विचारू? तू दोन हंगाम त्यांच्या बोटीवर होतास. पाण्याचा रंग बघून डोलीचं जाळं कधी उचलायचं ते तुला कुणी दाखवलं? तुफानात घिवलीच्या तोंडावर बोट अडकली तेव्हा तुला कमरेला दोर बांधून कुणी आणलं? यादी वाचताना तुला काहीच वाटलं नाही?

जाऊ दे. मी विचारलंच नाही असं समज. तू आपलं पत्र पाठव, दोन ओळी चालतील.

तुझी ताई,
हंसा


घिवली
ता. २ नोव्हेंबर १९८५

वामन,

चार पत्रांना तुझं एक कार्ड आलं, तेही कोचीहून. मोठा साहेब झालास, बरं वाटलं. तू लिहिलं आहेस की गावातल्या प्रयोगाचं पुढे काय झालं ते सविस्तर कळव. प्रयोग म्हणतोस. कळवते.

तुझ्या रेघेला कुंपण नव्हतं. आमच्या पाण्यात मासळी वाढली हे मासळीला कळलं तसं बाकीच्या गावांनाही कळलं. आधी उत्तरेकडून चार बोटी आल्या, मग दहा. आपली माणसं हात जोडून सांगायला गेली की हे आम्ही राखलेलं पाणी आहे. ते म्हणाले, पाण्यावर नाव लिवलाय का? मग लांब पल्ल्याचे ट्रॉलर दिसायला लागले. ते कुणाचे, कुठले, ते अजून कुणाला सांगता येत नाही. तळ खरवडून गेले. त्यांच्या जाळ्यात आपल्या डोलींचे खुंटसुद्धा उपटून गेले.

मग आपले तरी किती दिवस थांबतील? बाहेरचे नेतात ते आपणच का नेऊ नये, असं झिपरू भर सभेत बोलला. त्याने कर्ज काढून दुसरी बोट बांधली. त्याला बघून बाकीच्यांनी. बत्तीसच्या छप्पन झाल्या. जाळ्यांची भोकं बारीक झाली. वाट्याची पाटी अर्धी झाली, मग आठवड्यातून एकदा आली, मग बंद. बंद झाल्याचं कुणी सांगायला आलं नाही. मी दोन दिवस दारात रिकामी पाटी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी उचलून आत ठेवली.

थांबलेल्या बाकीच्या आठही बोटी पाण्यात गेल्या. आमची तेवढी गेली नाही. बोट एकट्याने चालत नाही, खलाशी लागतात. दाजी सहा घरी जाऊन आले. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही. कुणाच्या पायाला लागलं होतं, कुणाची सासू आजारी. शेवटी नरहरीकाकांच्या नातवाने खरं सांगितलं. "दादूभाव, रागवू नका. पन एकेचाळीस नंबराच्या तांडेलासंगती जाऊन आमी खायाचा काय?" तांडेल म्हणजे बोटीचा बापच. बापावर भरवसा नसेल तर त्याच्याबरोबर समुद्रात कोण जाईल?

ते गेल्या वर्षीपासून कुंभवलीला कारखान्यात जातात. पिंपं उचलायची. तिथला मुकादम वयाने लहान आहे. "ए दादू, वो ड्रम इधर ला" असं ओरडतो. दाजी म्हणतात, बरं आहे, तिथे नावाने तरी हाक मारतात. हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

जमनाकृपाच्या फळ्या सुटायला लागल्या आहेत. एकदा मी म्हटलं, लाकूड विकून टाकू. ते संध्याकाळी जाऊन तिला तेल लावून आले.

तुझा प्रयोग हा असा झाला.

हंसा


घिवली
ता. १९ जानेवारी १९९२

चि. वामन,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे सहा वर्षांनी तुला माझा पत्ता सापडला. तुम्ही पुन्हा गणित मांडणार आहात, किती बोटी असाव्यात ते ठरवणार आहात, आणि या किनाऱ्यावर रोजच्या रोज बोटवार मोजलेलं वर्ष फक्त माझ्या वह्यांत आहे, म्हणून त्या पाठव, असं लिहिलं आहेस.

कसलं गणित मांडतोस बाबा? डिझेल जाळून लोक जवळा आणि कचरा घेऊन येतात. बोंबील आला तर बायका एकमेकींना दाखवायला नेतात. गावातली निम्मी पोरं सालवडला खोल्या घेऊन राहिली आहेत आणि कारखान्यांच्या पाळ्या करतात. मासे कमी झाले म्हणून बोटी कमी झाल्या असंही नाही, कर्ज डोक्यावर असलेला माणूस बोट थांबवू शकत नाही. तुझी रेघ पलीकडच्या बाजूने पार खाली उतरली आहे. ते कळायला वह्या नकोत.

पण वह्या तुला अशाच देता येणार नाहीत. का ते सांगते. बारा वर्षं सांगायचं ठरवते आहे आणि दर वेळी दुसरंच काहीतरी लिहून पाकीट बंद करते.

त्या वर्षी मी पोटुशी होते. आधीची दोन गेली होती, दोन्ही सातव्या महिन्यात. रखमाबाई सुइणीने मला बजावलं होतं, यंदा घरी किती मासळी आली ते पुरतं तोंडातून काढू नको, पोटाला नजर लागते. तसंही आपल्यात कोण काढतं? किनाऱ्यावर कुणी विचारलं, किती आलं, तर पाच पाट्या असल्या तरी "हाय थोडां" म्हणायचं. नवराही बायकोला निम्मंच सांगतो. त्यामुळे आपल्या शेजाऱ्याचं वर्षात किती आलं हे गावात कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपण पुढे आहोत का मागे हेही नसतं. तुला आकडे हवे होते आणि आकडे कुणी सांगणार नाही हे तुला माहीत होतं, म्हणून तर तू मला भेंडीखाली बसवलंस, डोळ्यांनी मोजायला.

चाळीस बोटींच्या पाट्या मी डोळ्यांनी मोजल्या आणि खऱ्या लिहिल्या. जमनाकृपाच्या मोजल्या आणि निम्म्या लिहिल्या. दहा आल्या तर पाच. सहा आल्या तर तीन. डिझेल मात्र खरं लिहिलं, डिझेलला नजर लागत नाही.

मला वाटलं, तुझी वही म्हणजे सरकारी काहीतरी काम, कुठे मुंबईत कपाटात पडेल. त्यावरून गावात यादी वाचली जाईल असं मला स्वप्नातही आलं नव्हतं. तू शेवटचं नाव वाचलंस तेव्हा उठून सांगायला हवं होतं. पण मी खोटं लिहिलं म्हटलं असतं तर चाळीस बोटींचंही कुणी खरं मानलं नसतं. तुझी सभेत छीः थू झाली असती. माझ्या मांडीवर पोर होती, जिवंत, आणि मला वाटलं, हिच्यासाठीच तर केलं. म्हटलं, एक-दोन हंगामांचा प्रश्न आहे, वाटा मिळेल, नंतर हळूच सांगू.

नंतर मी ट्रंक उघडून सगळी बेरीज पुन्हा केली. खरं लिहिलं असतं तर जमनाकृपा सातवी आली असती. खालून नव्हे, वरून.

दाजींना खोकला धरला आहे. कारखाना सुटला. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की त्यांना आवडेल ते खाऊ घाला. वामन, हा माणूस आपण नालायक तांडेल होतो असं समजून मरणार आहे. ते पान अजून खिशात आहे, घड्यांवर फाटलं तर मागून कागद चिकटवला. परवा घरी पाहुणे आले, पुष्पीने चहा आणला, तर तो पिताना कुणीतरी म्हणालं, "ही एकेचाळीसची पोर." पाहुण्यांनी विचारलं, एकेचाळीस म्हणजे काय? दाजींनी स्वतः समजावून सांगितलं. सगळं, डिझेलच्या डब्यासकट. गणितात त्यांनी कुठे चूक केली नाही.

तू ये. तू येऊन त्यांना सांग. माझं बोलणं बायकोचं बोलणं, तू छापणारा माणूस आहेस. तुझ्या तोंडचं त्यांना खरं वाटेल. एवढं कर, मग तुझ्या सहाच्या सहा वह्या घेऊन जा.

तुझी ताई,
हंसा


घिवली
ता. ८ मार्च १९९२

वामन,

तू आला नाहीस. पत्र आलं. तीन पानं इकडचं तिकडचं लिहून शेवटी लिहिलं आहेस की तुला तेव्हाच संशय आला होता. इंजिन सारखं, डिझेल सारखं, खुंट शेजारी शेजारी आणि मासळी निम्मी, हे बसत नव्हतं. शिवाय तू त्यांच्या हाताखाली काम केलं होतंस. पण आकडा दुरुस्त केला असता तर मेहुण्याची बोट वाचवली असं गाव म्हणालं असतं आणि सगळंच मोडलं असतं. म्हणून ठेवलास तसाच.

म्हणजे देवळात तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी बोलेन म्हणून वाट बघत होतास. आणि मी तू बोलशील म्हणून खाली बघत होते. शाबास आपली. मी तुला माफ करत नाही, वामन. तूही मला करू नकोस. आईबापाविना वाढवलं तुला, पण एवढं सारखं डोकं दोघांचं असेल असं वाटलं नव्हतं.

तू येईपर्यंत थांबावं असं ठरवलं होतं, पण ते दिवसेंदिवस उतरत चालले, म्हणून मी आधीच सांगून टाकलं. भेंडी, रखमाबाई, निम्म्या पाट्या, सगळं. वह्या मांडीवर घेऊन दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये खोकला आला तेव्हा हात वर करून मला थांबवलं आणि खोकला गेल्यावर म्हणाले, "हां, पुढं बोल." सगळं संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"हंसे, माजां मन राखायाला बोलतेस."

मी शपथ घेतली. पुष्पीची घेतली. त्यांनी खिशातून पान काढलं, घड्या उलगडल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हां छापलाय. तुजी वही पेन्शिलीची. आता काय बी लिवता येतां."

म्हणून तुझ्या पत्राची वाट बघत होते. ते आलं त्याच दुपारी मी त्यांना शेवटचं पान वाचून दाखवलं. तू लिहिलं आहेस ते अगदी तुझ्या शब्दांत, दोनदा. ते भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर तुला शिव्या देतील, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तर मला आनंदच झाला असता.

ते म्हणाले, "भाऊ-भईन बोलाया लागले, हां बरां झालां. मी गेल्यावर तुला कोन तरी पायजे." मग म्हणाले, "वामनला लिव, दाजीचा राग गेला. माज्यासाठी एवडा मोटा सायेब खोटा बोलला, आनखी काय पायजे?"

मी त्यांना हलवून हलवून सांगितलं. अहो, तुम्ही सातवे होतात, सातवे. ते हसले. मान हलवत राहिले, पुष्पी लहानपणी चंद्र मागायची तेव्हा हलवायचे तशी.

वह्या या पत्रासोबत पाठवत आहे. जमनाकृपाच्या पानांवर लाल शाईने खरे आकडे घातले आहेत. रोजचे. मला सगळे आठवतात. तुझ्या नव्या पुस्तकात छाप, नाहीतर छापू नकोस. ते निघेपर्यंत वाचायला इथे कोण असणार?

पार्सल शिवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. दाजींना वारा हवा होता, म्हणून हाताला धरून खाली घेऊन गेले. जमनाकृपाचा आता नुसता कणा उरला आहे, त्यावर बसवलं. झिपरूच्या दोन्ही बोटी परत येत होत्या, जवळजवळ रिकाम्या. त्याने लांबूनच दाजींना ओळखलं आणि हात वर करून हाक मारली, "ओ एकेचाळीस!"

आणि हे "ओ" म्हणाले.

हंसा